शाळेची नवी इमारत, शेजारच्या सोसायट्या आणि चुकणारा जून

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमध्ये शाळेच्या मालकीचा भूखंड, त्यावर जुनी दुमजली इमारत. मागच्या बाजूला चार मजली नवी इमारत बांधायची आहे. शेजारच्या दोन सोसायट्यांनी महापालिकेत तक्रार अर्ज दिलाय आणि फाटकासमोर विरोधाचा फलकही लावलाय. वकील म्हणतात, शेजाऱ्यांच्या संमतीची कायद्यात गरजच नाही. मग त्यांच्याशी बोलावं का, बोलायचं तर काय बोलायचं, आणि त्या फलकाचं काय करायचं, असं विश्वस्तांनी विचारलंय.

तुमचे वकील बरोबर सांगताहेत, पण अर्धंच. मी आर्किटेक्ट आहे, पुण्यातल्या शाळांच्या वाढीव बांधकामांचे प्रस्ताव करण्यात बरीच वर्षं गेली आहेत. त्यावरून सांगतो: शेजारी तुमचा प्रस्ताव फेटाळू शकत नाहीत, पण तुमचा जून नक्की चुकवू शकतात. फ्लॅटची स्कीम सहा महिने रखडली तर बिल्डर व्याज भरतो आणि पुढे जातो. शाळेचं तसं नसतं. जूनमध्ये वर्ग तयार नसले तर ते पुढच्या जूनपर्यंत कुणाच्याच कामाचे नसतात, आणि मुलं वर्षभर ग्रंथालयात, प्रयोगशाळेत, जिन्याखाली बसतात.

आधी कायदा उरकतो. परवानगीचा अर्ज महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४४ खाली होतो, निर्णय कलम ४५ खाली. इमारत डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकात्मिक नियमावलीत बसली पाहिजे, म्हणजे आपण सगळे जिला युडीसीपीआर म्हणतो तिच्यात. शैक्षणिक इमारतींना प्रीमियम भरून जादा एफएसआयची, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात जास्त बांधकाम करण्याची, सोय तिथेच आहे. या साखळीत शेजाऱ्याला बोलावून त्याचं म्हणणं ऐकण्याची पायरी नाही. त्यांनी दिलेला तक्रार अर्ज फाइलला लागतो, त्यावर तुमच्याकडून खुलासा मागवला जातो, तो दिला की फाइल पुढे सरकते. म्हणजे कागदावर तरी सरकते.

पण वाटेत बऱ्याच जागा अशा आहेत की तिथे शेजाऱ्याच्या शब्दाला वजन आहे. मागच्या बाजूला झाडं असतील तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाकडे जावं लागेल. तिथे जाहीर नोटीस निघते, झाडावर कागद चिकटतो, हरकती मागवल्या जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्यावरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आहे, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली आहे. कोथरूडच्या जुन्या प्लॉटवरचा आंबा किंवा चिंच पन्नाशी ओलांडलेली असणं यात नवल काही नाही. भूखंडाच्या एखाद्या तुकड्यावर विकास आराखड्यात मैदानाचं आरक्षण असेल आणि तिथे इमारत हवी असेल, तर नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्यात हरकती-सूचना आणि सुनावणी दोन्ही आहेत, शेवटची सही राज्य शासनाची. तो रस्ता टाळता आला तर टाळा. जागा मुळात एखाद्या गृहरचना संस्थेच्या लेआउटमधली असेल, भाडेपट्ट्याने मिळालेली असेल, तर करारातल्या अटी आधी वाचा. तिथे संस्थेची संमती खरोखरच लागू शकते. शिवाय १८८२ च्या ईझमेंट कायद्यात वीस वर्षं अखंड मिळालेल्या उजेड-वाऱ्याचा हक्क सांगता येतो. तो सिद्ध होईल का हा वेगळा भाग. तात्पुरत्या मनाई हुकमाचा अर्ज दाखल झाला तरी ठेकेदार मशिनरी काढून दुसऱ्या साइटवर नेतो, आणि तो परत कधी येईल ते तोच जाणे.

आता मुद्द्यावर येतो. शेजाऱ्यांचा राग इमारतीवर फार क्वचित असतो. तो फाटकावर असतो.

दुपारी साडेबाराला सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते, ती वीस-पंचवीस मिनिटं तुमच्या रस्त्यावर उभं राहून बघा. विश्वस्त सहसा त्या वेळी तिथे नसतात. दुचाकीवर पुढे एक आणि मागे एक मूल, उलट्या दिशेने आलेली व्हॅन, सोसायटीच्या गेटसमोर ‘दोनच मिनिटं’ म्हणून लावलेली गाडी, आणि आत अडकलेले एक आजोबा, ज्यांची डॉक्टरांची वेळ आहे. सोसायटीच्या गेटवर ‘येथे गाडी लावू नये’ अशी पाटी असेलच. तिच्याखाली आणखी एक, जरा जास्त खोचक पाटी असेल तर समजा की प्रकरण जुनं आहे. भर म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं. मुलांच्या झोपेसाठी निर्णय चांगलाच आहे. पण पूर्वी सातला, रस्ते मोकळे असताना येणारी चिमुरडी आता नेमकी ऑफिसच्या गर्दीत येतात. शेजाऱ्याला शासनाचं परिपत्रक ठाऊक नसतं. शाळेने वेळ बदलली आणि आपली सकाळ गेली, एवढंच त्याला दिसतं.

म्हणून माझा पहिला सल्ला हा की नकाशा कुणालाही दाखवण्याआधी आजचं फाटक दुरुस्त करा. हे गणित कागदावर मांडता येतं. समजा वीस मिनिटांत नव्वद गाड्या मूल सोडायला येतात आणि मूल उतरून दप्तर घेऊन बाजूला होईपर्यंत एक गाडी चाळीस सेकंद थांबते. एका थांब्यावरून वीस मिनिटांत तीसच गाड्या निघतात. म्हणजे तीन थांबे हवेत, आणि तेही सगळं घड्याळाप्रमाणे चाललं तर. प्रत्यक्षात चार धरा. मागे दहा गाड्यांची रांग लागली तर तिला साठेक मीटर लागतात. हे साठ मीटर तुमच्या कुंपणाच्या आत आहेत की बाहेर, एवढाच खरा प्रश्न आहे. बहुतेक शाळांमध्ये आत जागा असते, पण तिथे शिक्षकांच्या गाड्या लावलेल्या असतात किंवा मोडकी बाकं रचलेली असतात. एका फाटकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. इयत्तांच्या सुटण्याच्या वेळांत दहा-दहा मिनिटांचं अंतर. व्हॅन आणि रिक्षा वेगळ्या बाजूला. व्हॅनकाकांना बोलावून समोरासमोर ठरवा, परिपत्रक काढून उपयोग होत नाही. २०११ च्या स्कूलबस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असायलाच हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि वाहतूक पोलिसांचा प्रतिनिधीही तिच्यात असतो. ही समिती बऱ्याच ठिकाणी फक्त तपासणीच्या फाइलमध्ये जिवंत असते. तिची एक खरी बैठक घ्या आणि शेजारच्या सोसायटीच्या सचिवांना पाहुणे म्हणून बोलवा. चर्चेला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही, कारण इथे तुम्ही अजून काहीच मागत नसता.

हे दोन-तीन महिने चालू द्या. मग बोला.

रागाचं दुसरं मूळ म्हणजे मैदान आणि सभागृह. हे विश्वस्तांना ऐकायला आवडत नाही. लग्नसराईत मैदान भाड्याने दिलेलं असतं, मे महिन्यात आंबा महोत्सव किंवा कपड्यांचं प्रदर्शन, आणि गणपतीच्या आधी दीड-दोन महिने ढोल-ताशा पथकाचा सराव. पथकात शाळेचेच माजी विद्यार्थी असतात, त्यामुळे नाही म्हणवत नाही. पण नव्या इमारतीच्या नकाशात तळमजल्यावर ‘बहुउद्देशीय सभागृह’ असं लिहिलेलं दिसलं की शेजारी त्याचा अर्थ मंगल कार्यालय असा लावतात, आणि अनुभवावरून सांगतो, पुष्कळदा ते चुकत नाहीत. आवाजाच्या २००० सालच्या नियमांत शाळेभोवतीचा शंभर मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची तरतूद आहे. तिथे दिवसाची मर्यादा पन्नास डेसिबल, निवासी भागात पंचावन्न. मुलांच्या अभ्यासासाठी ज्या परिसराला शांतता द्यायची, तिथे सगळ्यात मोठा कर्णा शाळेचाच असावा, हे शेजाऱ्याला टोचतं. त्यात गैर काय?

यावर विश्वस्त मंडळाला उत्पन्न आणि परवानगी यांतलं एक निवडावं लागतं. सभागृह बाहेरच्यांना भाड्याने देणार नाही असा ठराव करता येत असेल तर करा, विरोधाची अर्धी धार तिथेच जाते. पूर्ण बंद करणं परवडत नसेल तर वर्षातून किती दिवस, रात्री किती वाजेपर्यंत, जेवणावळ असेल की नाही, हे आकड्यांत लिहा. ‘शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची काळजी घेतली जाईल’ या वाक्याला पुण्यात कुणी विचारत नाही. रोजच्या प्रार्थनेच्या आवाजाची मात्र साधी युक्ती आहे. दोन मोठे कर्णे काढून मैदानाभोवती सात-आठ छोटे स्पीकर आतल्या दिशेने, हळू आवाजात लावा. खर्च मामुली, फरक पहिल्याच सकाळी कळतो.

आता बैठक. एकच मोठी सभा घेऊ नका. मोठ्या सभेत जो सगळ्यात मोठ्याने बोलतो तोच सोसायटीचा आवाज ठरतो, आणि एकदा सगळ्यांसमोर ‘होऊ देणार नाही’ म्हटलं की त्याला मागे येता येत नाही. एकेका इमारतीची वेगळी बैठक घ्या, रविवारी सकाळी, त्यांच्याच पार्किंगमध्ये किंवा क्लबहाउसमध्ये. शाळेकडून अध्यक्ष किंवा ज्यांच्या शब्दाने निर्णय होतो असं माणूस हवं. क्लार्कला किंवा नुसत्या आर्किटेक्टला पाठवलं तर तो अपमान मानला जातो. नगरसेवकांना कळवा जरूर, पण पहिल्या बैठकीला आणू नका. ते आले की बोलणं तुमच्यात आणि शेजाऱ्यांत राहत नाही. आणि कमिटीवरच्या कुणाच्या नातवाच्या प्रवेशाचा विषय निघाला तर तो हसून पण स्पष्टपणे बाजूला ठेवा. एका सदस्याला दिलेला असा शब्द आठवड्याभरात सगळ्या विंगमध्ये पोचतो, आणि मग उरलेले सगळे विरोधात जातात.

बैठकीत सगळ्यात आधी विचारलं जाईल: मुलं किती वाढणार? इथे बहुतेक शाळा गोलमाल उत्तर देतात. ‘मुलं वाढणार नाहीत हो, आहेत त्यांनाच मोकळं बसता येईल.’ आणि दोन वर्षांत नव्या तुकड्या सुरू होतात. तसं करायचं असेल तर आजच सांगा. खरोखर दाटी कमी करायची असेल तर तेही आकड्यांनी दाखवा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक, सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक, आणि प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली हे प्रमाण दिलेलं आहे. तुमच्या पाचवीत आज पंचावन्न मुलं बसत असतील तर वर्गाचं दार उघडून शेजाऱ्यांना दाखवा. निवृत्त शिक्षक, निवृत्त बँकवाले, ज्यांची मुलं कधीकाळी याच शाळेत होती, अशी माणसं त्या सोसायट्यांमध्ये असतातच. त्यांना आकडा कळतो. मग पटसंख्येची वरची मर्यादा ठरवा: अमुक शैक्षणिक वर्षापर्यंत एवढीच. ही मर्यादा मोडायची वेळ आली तर आधी शेजाऱ्यांशी बोलू, असंही लिहा. माझ्या मते सगळ्या वाटाघाटीत सर्वांत किमती कलम हेच.

यानंतर नकाशा काढा, आणि तो कच्चाच ठेवा. रंगवलेली चकचकीत चित्रं आणली की लोक समजतात सगळं ठरलंय, आपल्याला फक्त चहाला बोलावलंय. बदल करायला कुठे जागा असते ते सांगतो. नव्या इमारतीचा व्हरांडा शेजाऱ्यांच्या बाजूला आणि वर्ग आतल्या बाजूला ठेवले तर आवाज आणि नजर दोन्ही अडतात. उलट केलं तर चाळीस मुलांच्या खिडक्या कुणाच्या तरी बेडरूमसमोर येतात. स्वच्छतागृहं, संगीताचा वर्ग, जनरेटर आणि पंपघर कुठे, हे शेजारी बरोबर विचारतात. सावलीचं उत्तर तर हिशेबानेच द्या. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो. पंधरा मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेला सुमारे साडेतेरा मीटर पडते, सकाळ-संध्याकाळी आणखी लांब. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा प्रश्न नाही. म्हणजे त्रास होईल तो उत्तरेच्या शेजाऱ्याला आणि हिवाळ्यात, नेमकं ऊन हवं असतं तेव्हा. त्याच्या गच्चीवर सोलर पॅनेल असतील तर आणखीच. उत्तरेच्या बाजूचा वरचा मजला चार मीटर मागे घेतला तर दोन वर्ग जातात. ते दोन वर्ग मी सोडायला सांगतो. शाळेने काहीतरी खरं गमावलेलं दिसल्याशिवाय समोरचा विश्वास ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट, जी जवळजवळ प्रत्येक शाळा उलटी करते. शेजाऱ्यांकडे ‘ना हरकत’ पत्र मागू नका. ते कायद्याने लागत नाही हे तुमच्या वकिलांनीच सांगितलंय. सोसायटीच्या कमिटीला असं पत्र द्यायचं तर सर्वसाधारण सभेत ठराव हवा, आणि पुढे काही बिनसलं तर ‘सही कुणी केली?’ हा प्रश्न सचिवांच्या माथी येतो. कोण करेल? उलट शाळेनेच लिहून द्या. विश्वस्त मंडळाचा रीतसर ठराव, त्यात पटसंख्येची मर्यादा, सभागृहाचे दिवस, फाटकाची व्यवस्था, नकाशातले बदल. त्याची सही-शिक्क्याची प्रत प्रत्येक सोसायटीला. मुख्याध्यापकांचं पत्र पुरत नाही, कारण मुख्याध्यापक निवृत्त होतात आणि नवे म्हणतात मला कल्पना नाही. सोसायटीकडून एवढंच मागा की चर्चेच्या इतिवृत्तावर सही करा आणि महापालिकेतल्या तक्रारीतले जे मुद्दे सुटले ते सुटले असं कळवा. हे ते करतात. कर्ज काढणार असाल तर त्यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागू शकते. तिथल्या फाइलमध्येही हा ठराव आणि इतिवृत्त जोडा, बिघडत काही नाही.

बदल्यात काही देता येईल का? मैदान देता येतं, पण जपून. सकाळी साडेपाच ते साडेसहा ज्येष्ठांना चालायला मैदान उघडं ठेवणं हा उत्तम प्रस्ताव आहे, फक्त वेगळं फाटक, इमारतीला कुलूप आणि मुलं यायच्या आधी मैदान रिकामं, हे पक्कं हवं. मुलांच्या सुरक्षिततेबाबत शाळांवर आज जी जबाबदारी आहे ती बघता शाळेच्या वेळेत बाहेरचं कुणी आत नको. पदपथ, गतिरोधक, दिवे ही कामं महापालिकेच्या हातातली. नागरिकांकडून कामं सुचवून घेणारं सहभागी अंदाजपत्रक पुण्यात २००६ पासून आहे, त्यात शाळा आणि सोसायटी दोघांनी मिळून एकच काम सुचवा. मंजूर झालं तर उत्तमच, आणि दोघांच्या सह्यांचा एक अर्ज तरी तयार होतो.

परवानगी मिळाल्यावरचं काम ठेकेदारावर सोडू नका. आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण. पाया खोदताना ब्रेकर चालणार, भिंती हादरणार. खोदाई सुरू होण्याआधी शेजारच्या इमारतींतल्या आहेत त्या तड्यांचे फोटो तारखेसह काढा आणि दोन्ही बाजूंनी सह्या करून ठेवा, नाहीतर पुढे प्रत्येक जुना तडा तुमच्या नावावर जमा होईल. ब्रेकर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत चालेल, हे आधी कळवा. दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत शक्यतो बंद. सीमाभिंत आणि पावसाचं पाणी हे विषय पुण्यात २०१९ नंतर कुणी हलक्यात घेत नाही. त्या वर्षी २९ जूनच्या पहाटे कोंढव्यात सोसायटीची सीमाभिंत कामगारांच्या झोपड्यांवर पडून पंधरा माणसं गेली, आणि २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने अरण्येश्वर, सहकारनगरची घरं पाण्यात घातली. कुंपणालगत खोदाई असेल तर आधाराचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनिशी शेजाऱ्यांना दाखवा, कामगारांच्या खोल्या भिंतीच्या उताराखाली बांधू देऊ नका, आणि पावसाळी पाण्याची नवी लाइन इमारत उभी राहण्याआधी टाका. तुमचं मैदान आज जे पाणी मुरवतं ते उद्या काँक्रीटवरून शेजारच्या पार्किंगमध्ये उतरेल.

इतकं सगळं करूनही एक-दोघं मानणार नाहीत. त्यांच्यामागे लागू नका, आणि त्यांच्याबद्दल सोसायटीत बोलूही नका. न्यायालयात जाण्याची शक्यता वाटली तर दिवाणी न्यायालयात कॅव्हेट दाखल करून ठेवा, म्हणजे तुम्हाला नोटीस गेल्याशिवाय मनाई हुकूम निघायचा नाही. कॅव्हेट नव्वद दिवसच चालतं, तारीख लिहून ठेवा आणि पुन्हा दाखल करा. माहिती अधिकारात ते फाइल मागतील. मागू द्या, तुमचा ठराव आणि इतिवृत्त त्याच फाइलमध्ये असेल.

फलकाचं विचारलंत म्हणून सांगतो, तो काढायला अतिक्रमण विभागाला फोन करू नका. फाटकाची व्यवस्था आधी चालू करा, मग सचिवांना भेटायला जा. नव्या शैक्षणिक वर्षाची गर्दी सुरू होण्याआधी, म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीतच, नवीन प्रवेशद्वाराची आखणी करून घ्या. रंगकाम आणि दोन सुरक्षारक्षकांचा पगार, एवढाच तो खर्च आहे.